मागून येणाऱ्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हा खेळ डोपिंगने नासलेला आहे, महाजन बंधूंच्या नाशिकमधल्या माणसाने तीन आठवडे परदेशी सायकलस्वारांचं कौतुक करत बसणं शोभत नाही, आणि तिथे एकटा जिंकतो, बाकीचे 'नुसते मागून येतात'.

डोपिंगचं तुमचं म्हणणं मान्य. लान्स आर्मस्ट्राँगची टूरमधली १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. त्यातल्या काही शर्यती मी जीव लावून पाहिल्या होत्या, त्यामुळे फसवला गेल्याचं दुःख मलाही आहे. आजही कुणी घाटात अचाट वेगाने सुटला की मनात शंका येतेच. लेखात हे यायला हवं होतं.

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत, ९ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली. त्यांचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण ती झुंज झोपेशी आणि घड्याळाशी असते. तिथे एकट्याने उतरलेल्याला दुसऱ्याच्या चाकामागे वारा चुकवत जायची परवानगी नसते. टूर उभी आहे ती नेमकी त्या चाकामागच्या जागेवर.

म्हणूनच 'नुसते मागून येतात' हे वाक्य मला लागलं.

पावसाळ्यात सायकलवर त्र्यंबकला निघालात तर वारा तोंडावर येतो. एका जुलैत अंजनेरीच्या अलीकडे माझे पाय संपले होते. आमच्यातले एक वयाने मोठे काका न बोलता पुढे आले आणि मान मागे वळवून एवढंच म्हणाले, "चाक सोडू नको." त्र्यंबकपर्यंत माझ्या वाट्याचा वारा त्यांनी खाल्ला. टूरमध्ये आठ जणांच्या संघातले बरेच जण २१ टप्पे आपल्या प्रमुखासाठी हेच काम करतात. संघाच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वारा अंगावर घ्यायचा आणि घाटात ताकद संपली की बाजूला व्हायचं.

सेप कुस असाच मदतनीस. २०२३ मध्ये त्याने इटलीच्या जिरो शर्यतीत रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगार्डसाठी, म्हणजे आपल्याच संघातल्या दोघांसाठी, घाट ओढले, आणि दोघेही जिंकले. मग स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत आघाडी त्याच्याच हाती आली, तर आंग्लिरूच्या उभ्या चढावर तेच दोघे त्याला सोडून पुढे निघून गेले. त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर अक्षरशः ओरडलो. कुस दुसऱ्या संघाच्या मिकेल लांडाचं चाक धरून वर आला आणि त्याची आघाडी उरली फक्त ८ सेकंदांची. पुढे संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि शेवटी माद्रिदला विजेत्याची लाल जर्सी त्याच्याच अंगावर होती. विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. त्या दोघांचं आंग्लिरूवरचं वागणं मला अजून पटलेलं नाही.

जुलैत टूरचे बरेचसे टप्पे आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास संपतात. या वेळी एखाद्या घाटाच्या टप्प्याचे शेवटचे वीस किलोमीटर बघाच. पुढे कोण पळतोय ते राहू द्या, पुढून बाजूला होणाऱ्याचा चेहरा बघा. मग पुन्हा लिहा, मी वाट बघतो.