‘बोटांत स्नायू नसतात’ : अर्धं खरं, अर्धं खोटं

‘बोटांत एकही स्नायू नसतो, म्हणून बोटांची ताकद वाढवताच येत नाही,’ असा मजकूर फिरतोय. पहिला भाग जवळपास बरोबर. (जवळपास, कारण बोटांच्या पाठीवरच्या केसांच्या मुळाशी शहारा आणणारे इवलेसे स्नायू असतातच!) दुसरा भाग मात्र साफ चूक.

कोपराच्या थोडं खाली दुसऱ्या हाताने पकडा आणि मूठ आवळा. आत जे टरारून घट्ट होतं, ते बोटं मिटवणारे स्नायू. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट धागे) मनगटातून तळहातात उतरतात. खोलवरच्या स्नायूची कंडरा तर बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत जाते. बोटं फाकवणं, जवळ आणणं ही नाजूक कामं तळहातातले छोटे स्नायू करतात. हे सगळे व्यायामाने बळकट होतात, म्हणजे पकडही वाढते. बोट जाड होईल अशी आशा मात्र नको.

पायातही बरीचशी अशीच रचना आहे, स्नायू पोटरी-नडगीकडे आणि कंडरा बोटांपर्यंत. एक फरक असा की पावलाच्या पाठीवर बोटं उचलणारा एक आखूड स्नायू असतो. हाताच्या पाठीवर तसा सहसा सापडत नाही.