दवाखान्याची पायरी आणि मनगटावरचा पट्टा

गेले काही महिने एक संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत आहे. त्याचा सारांश असा: ‘दवाखान्याची पायरी चढण्याचे दिवस संपले. मनगटावर हा एक पट्टा बांधा. रक्तदाब, साखर, ऑक्सिजन, ईसीजी, सगळे सुईविना आणि ९९ टक्के अचूक मोजले जाईल. मोजणी चोवीस तास चालत असल्याने आजार वेळेआधीच कळेल, माहिती आपोआप डॉक्टरांकडे जाईल आणि तपासणीचा खर्च जवळजवळ शून्यावर येईल.’ अंगावर वागवायच्या बिनतारी सेन्सरांना माझा विरोध नाही. केवळ एका आकड्यासाठी ज्यांना वरचेवर लांबचा प्रवास करावा लागतो, त्यांची या साधनांनी मोठी सोय होते. मात्र या संदेशातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर विसंबून कोणी औषध बंद करू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

‘सगळे सुईविना मोजले जाते’ या पहिल्या विधानात तीन निरनिराळ्या प्रतींच्या गोष्टी एका माळेत ओवल्या आहेत. नाडीचे ठोके पट्टा खरोखरच मोजतो. त्याच्या पोटाशी हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचे रक्त किंचित वाढत असल्याने परत येणाऱ्या प्रकाशात चढउतार होतो, तो मोजला जातो. अर्थात साधन चढउतार ओळखते, मनगट नव्हे. एकदा गंमत म्हणून मी असा एक पट्टा टॉवेलच्या गुंडाळीला बांधून ठेवला, तर थोड्या वेळाने त्या टॉवेलची नाडी मिनिटाला ७० च्या आसपास पडू लागली.

ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विद्युत संकेतांच्या आलेखाचे, मोजमापही खरे असते, पण त्याची व्याप्ती लहान आहे. रुग्णालयातला ईसीजी दहा इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो. घड्याळाच्या कडेवर दुसऱ्या हाताचे बोट टेकवून निघणारा आलेख त्यांपैकी एकच बाजू दाखवतो. ठोक्यांची लय बिघडली आहे का, हे पाहायला ती एक बाजू पुष्कळदा पुरते. हृदयविकाराचा झटका ओळखायला ती पुरत नाही, आणि असे घड्याळ बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या सूचनापत्रकात तसे लिहितात. छातीत कळ येत असताना मनगटावर ‘लय नियमित’ असे वाचून घरी थांबणाऱ्या माणसाला त्या संदेशाने काय दिले, याचा विचार पुढे पाठवणाऱ्याने करावा.

ऑक्सिजन आणि रक्तदाब हे अनुमानाचे आकडे आहेत. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या शोषणाचे गुणोत्तर काढतात. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेले हे तत्त्व उत्तम आहे. पण बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो, तर मनगटावर तो उलटून येण्याची वाट पाहावी लागते आणि मिळणारा संकेत क्षीण असतो. हात गार असले की बोटाचा चिमटाही फसतो: गारठलेल्या बोटावर ९१ दाखवणारे यंत्र तळवे चोळून ऊब आणल्यावर ९७ दाखवते, आणि मधल्या मिनिटात फुप्फुसात काहीही बदललेले नसते. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखवलेल्या नोंदींपैकी कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत रक्तातील खरा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली होता; गोऱ्या रुग्णांत हेच प्रमाण ३.६ टक्के होते.

रक्तदाबाची गोष्ट आणखी नाजूक आहे. दंडाला हवेची पिशवी न बांधता दाब सांगणारी साधने बहुधा नाडीची लहर कशी आणि किती वेगाने पोहोचते यावरून अंदाज बांधतात, आणि त्यांतल्या अनेकांना तो अंदाज जुळवण्यासाठी अधूनमधून पिशवीवाल्याच यंत्राची मदत घ्यावी लागते. शिवाय हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर मनगटातला दाब साधारण ७ ते ८ मिलिमीटरने जास्त भरतो. झोपेत, चालताना, उशीखाली हात असताना ही पातळी कोण सांभाळणार? युरोपीय उच्च रक्तदाब संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी बिनपिशवीची साधने वापरू नयेत, असेच म्हटले आहे.

साखरेविषयी थोडक्यात आणि ठाम सांगता येते. त्वचेला न टोचता, स्वतःच्या बळावर रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवायचे जे सेन्सर खरोखर साखर मोजतात, त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली गेलेला असतो. तोही रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. बनावट आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवणे जिवावर बेतू शकते.

दुसरे विधान ‘९९ टक्के अचूक’. कशाच्या तुलनेत, कोणावर तपासून, हे संदेशात नाही. पण घटकाभर हा आकडा मान्य करू. एक लाख निरोगी दिसणारी माणसे घ्या आणि त्यांच्यापैकी १०० जणांना एखादा विकार आहे असे धरा. पट्टा ९९ टक्के रुग्ण ओळखतो, म्हणजे ९९ जण सापडले. उरलेल्या ९९,९०० निरोगी माणसांपैकी एक टक्का, म्हणजे ९९९ जणांना तो चुकून रुग्ण ठरवतो. दर अकरा इशाऱ्यांमागे दहा खोटे. यात यंत्राचा दोष नाही. विरळ गोष्ट सगळ्यांमध्ये शोधायला गेले की हिशेब असाच येतो.

म्हणून ‘चोवीस तास मोजणी, म्हणून लवकर निदान’ हे तिसरे विधानही कोणाच्या मनगटावर पट्टा आहे यावर अवलंबून राहते. अमेरिकेत ४,१९,२९७ घड्याळधारकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनियमित नाडीचा इशारा २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना मिळाला. चाळिशीपर्यंतच्या लोकांत हे प्रमाण ०.१६ टक्के होते, तर ६५ वर्षांवरील लोकांत सुमारे ३ टक्के. इशारा मिळालेल्यांपैकी ज्या ४५० जणांनी छातीला चिकटवायची ईसीजी पट्टी वापरून परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांच्या नोंदीत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित स्पंदन आढळले. बाकीचे इशारे खोटेच होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण हे स्पंदन येते-जाते आणि पट्टी काही दिवसांनी लावली गेली होती; घड्याळ आणि पट्टी एकाच वेळी अंगावर असताना दिलेले इशारे ८४ टक्के वेळा बरोबर निघाले. सत्तरीच्या माणसासाठी ही मोजणी कामाची आहे. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला ती मुख्यतः काळजी पुरवते.

‘माहिती आपोआप डॉक्टरांकडे जाते’ हे चौथे विधान मला सर्वांत जास्त खटकते. पट्ट्यातून आकडा ब्लूटूथने फोनवर, फोनवरून कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून कुठल्यातरी पडद्यावर जातो. ब्लूटूथच्या लहरी शरीरातले पाणी शोषून घेते. फोन बॅटरी वाचवण्यासाठी अॅप झोपवून टाकतो. पट्टा चार्जिंगला लावलेला विसरतो. अशा वेळी पडद्यावर रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा म्हणजे ‘सर्व ठीक’ असे समजण्याची चूक सहज होते. पण धरा की आकडा पोहोचला. तो वाचणार कोण, किती वाजता, आणि वाचून काय करणार?

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवरचे दोन प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्ण रोज फोन करून ध्वनिमुद्रित प्रश्नांना वजन व लक्षणे सांगत, आणि उपचार केंद्रे ती उत्तरे कामाच्या दिवशी पाहत. सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यू असे प्रमाण दूरस्थ गटात ५२.३ टक्के आणि नेहमीच्या गटात ५१.५ टक्के निघाले, फायदा शून्य. सुमारे १४ टक्के रुग्णांनी ती व्यवस्था एकदाही वापरली नव्हती. जर्मनीत १,५७१ रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजनकाटा, रक्तदाबमापक, ईसीजी आणि ऑक्सिमीटर घरी दिले गेले, आणि त्यांचे आकडे अहोरात्र डॉक्टर व परिचारिका हजर असलेल्या केंद्रात पाहिले गेले. तेथे वर्षाला दर १०० रुग्णांमागे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. दोन्हीकडचे रुग्ण, औषधे आणि काळ वेगळे होते, त्यामुळे सगळे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. तरीही, यशस्वी प्रयोगातली उपकरणे अगदी साधी होती, काहींना तर अंगावर घालायचीही गरज नव्हती, याकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, म्हणजे अंगात पाणी साचते आहे, हे काटा सांगतो. लघवीच्या गोळीची मात्रा वाढवा, हे सांगायला फोनवर कोणीतरी लागते.

राहिला खर्च. सेन्सर स्वस्त झाला, हे निर्विवाद. १९०५ साली ईसीजीचे जनक, डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनी नेदरलँड्समधल्या लायडनच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे हृदयाचे संकेत दीड किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून नेले, तेव्हा ते यंत्र खोलीभर होते. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांचे अंगावर वागवायचे बिनतारी ईसीजी यंत्र पाठीवर घेतले तर ३८ किलोंच्या आसपास भरे. आज तेच काम काही ग्रॅमची पट्टी करते. पण घटला तो मोजण्याचा खर्च. दर अकरातल्या दहा खोट्या इशाऱ्यांनंतरच्या तपासण्यांचे पैसे कोणीतरी भरतोच, आणि जर्मनीतल्या त्या केंद्रात रात्री दोन वाजता आलेख पाहणाऱ्या परिचारिकेचा पगार संदेशातल्या ‘जवळजवळ शून्या’त धरलेला नाही.