कड लागलेल्या फलंदाजांस काही सूचना

चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, म्हणजे फलंदाज झेलबाद झाला, तो आवाज सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकालाही ऐकू आला, आणि तरीही पंचांचे बोट वर गेले नाही, अशा वेळी नेमके काय करावे याबाबत काही फलंदाजांच्या मनात अजूनही गोंधळ दिसतो. काही भाबडे तर बॅट काखेत मारून सरळ तंबूची वाट धरतात. ही खोड वेळीच मोडावी म्हणून पुढील सूचना देत आहे. त्या केवळ पुस्तकी नाहीत. गेल्या रविवारी एका अनुभवी फलंदाजाने माझ्याच गोलंदाजीवर त्यांचे प्रात्यक्षिक करून दाखवले.

सर्वांत आधी नजर सांभाळावी. मागे वळून यष्टिरक्षकाकडे पाहणे ही कबुली समजली जाते. त्यापेक्षा खेळपट्टीवरील एखाद्या निरपराध जागी बॅटने दोनदा ठोकावे, पॅडचा पट्टा ताणून बसवावा आणि हा सगळा गलका दुसऱ्याच कोणाबद्दल चालला आहे अशा मुद्रेने स्क्वेअर लेगकडे पाहत राहावे. आरडाओरडा फारच वाढला, तर आवाज पॅडचाच होता असे सुचवत पॅडवर हात आपटून दाखवावा.

हेल्मेट काढू नये, चेहरा दिसतो.

नियमांचा आधार जरूर घ्यावा, मात्र ते पूर्ण वाचू नयेत. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी अपील केल्याशिवाय, म्हणजे दाद मागितल्याशिवाय, पंच कोणालाही बाद देऊ शकत नाहीत, एवढा ३१व्या नियमाचा भाग तोंडपाठ असला की पुरे. बाद झालेल्या फलंदाजाला अपिलाची वाट न पाहता स्वतःहून निघून जाण्यास आडकाठी नाही, असेही तिथेच लिहिले आहे, परंतु तेवढ्यापुरता आपला चष्मा घरी राहिला होता असे सांगता येते.

दाखले निवडून द्यावेत. २०१३ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटची कड घेतलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जना लागून स्लिपमधल्या मायकेल क्लार्कच्या हातात गेला, पंचांनी बाद दिले नाही, ऑस्ट्रेलियाचे रिव्ह्यू, म्हणजे पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचाकडून तपासून घेण्याच्या संधी, संपलेले होते, ब्रॉड जागचा हलला नाही आणि इंग्लंड अवघ्या १४ धावांनी जिंकले. हे नाव मंत्रासारखे जपावे. २०११च्या विश्वचषकात १९ मार्चला ऑस्ट्रेलियाचा रिकी पाँटिंग कड लागूनही रिव्ह्यूचा निकाल येईपर्यंत उभा राहिला, हेही सांगावे. दुसऱ्याच दिवशी चेन्नईत सचिन तेंडुलकर पंचांनी बाद दिलेले नसताना चालू लागला, हे सांगू नये. गुंडाप्पा विश्वनाथचे उदाहरण मात्र इशारा म्हणून उपयोगी आहे. १९८० मध्ये मुंबईच्या कसोटीत त्याने बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावले, टेलर आणि बोथम यांची भागीदारी १७१ धावांपर्यंत गेली आणि इंग्लंड १० गडी राखून जिंकले. पाहा, सभ्यपणाचे काय फळ मिळते! २००३च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ॲडम गिलख्रिस्ट स्वतःहून परतला आणि ऑस्ट्रेलियाने सामनाही जिंकला, चषकही जिंकला, ही माहिती शक्यतो पोरांच्या कानावर पडू देऊ नये.

कधीकधी अवश्य चालते व्हावे. आपल्या ऐंशी धावा झालेल्या असाव्यात, सामना खिशात असावा, मग ऐटीत निघावे. ही पुण्याई अटीतटीच्या सामन्यात कामी येते. ‘लागली असती तर हे गेलेच असते’ असे पंचांना वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचे वाक्य: ‘निर्णय देणे हे पंचांचे काम आहे.’ किती निर्मळ, किती कायदेशीर वाक्य! कसोटी सामन्यात तटस्थ पंच असतात, वर तिसरा पंच असतो, कॅमेरे असतात, कड लागल्याचा आवाज टिपणारे अल्ट्राएज असते; तिथे हे वाक्य एक वेळ ऐकून घेता येईल. आमच्या सामन्यात पंच कोण असतो? फलंदाजी करणाऱ्या संघातलाच, ज्याची पाळी अजून आलेली नाही तो. रविवारी त्यांचा सातव्या क्रमांकाचा मुलगा उभा होता आणि फलंदाज त्यांचा कर्णधार. पुढच्या सामन्यात आपल्याला कोणत्या क्रमांकावर पाठवायचे, किंबहुना पाठवायचे की नाही, हे जो ठरवतो, त्याच्यावर तो पोरगा बोट उचलणार होता काय? त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, ‘मला ऐकू नाही आले.’ कर्णधाराने ग्लोव्ह्ज नीट केले आणि पुन्हा गार्ड घेतला. पुढे हेच गृहस्थ कव्हरच्या दिशेने जमिनीलगत चेंडू मारतात, तिथला आमच्या संघातला मुलगा झेलासाठी झेप घेतो, सगळे नाचू लागतात, तेव्हा यांचा प्रश्न काय? ‘स्वच्छ पकडलास का रे? खरे सांग, तुझ्या शब्दावर मी जातो.’ मुलाने खरे सांगितले, टप्पा पडला होता म्हणून. आणि हे पुन्हा उभे! आमच्या खरेपणावर एकदा आणि स्वतःच्या खोटेपणावर एकदा अशा दोन डावांची फलंदाजी करून, सामना संपल्यावर हेच माझ्या खांद्यावर हात टाकून हसत म्हणाले, ‘लागली होती हो, चांगलीच लागली होती.’

यात हसण्यासारखे काय आहे? बॅट तुमच्या हातात होती, कड लागल्याचे मैदानात सर्वांच्या आधी तुम्हाला कळले होते, आणि जे तुम्हाला नक्की ठाऊक होते ते ठरवायला तुम्ही एका घाबरलेल्या मुलाला पुढे केलेत. तो मुलगा रविवारी काय शिकला, याचा विचार एकदा तरी केलात का? उभे राहायचे असेल तर खुशाल उभे राहा, कोणी तुम्हाला ढकलून बाहेर काढणार नाही. पण मग आमच्या क्षेत्ररक्षकाकडे त्याचा शब्द मागू नका आणि तुमचे खोटे त्या पोराच्या मानेवर ठेवू नका. ‘लागली होती’ हे मला सामना संपल्यावर ऐकायचे नव्हते.