मागचे पाय गेले म्हणजे कॅल्शियम कमी झाले, हा समज कुत्र्यांच्या जिवावर बेततो

कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले तर काय करावे, हे सांगणारा एक मजकूर प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सतत फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : हा लकवा आहे आणि तो कॅल्शियम कमी झाल्याने येतो, रोज कॅल्शियमचे औषध पाजा, कोमट तेलाने पाठ आणि पाय चोळा, पोटाखाली टॉवेल घालून त्याला चालवा, कण्हत असेल तर घरातली अंगदुखीची अर्धी गोळी द्या, पंजा चिमटल्यावर पाय आखडून घेतला तर नस जिवंत आहे असे समजा, आठ-दहा दिवसांत तो उठेल, आणि डॉक्टरकडे नेलेत तर ते झोपवायलाच, म्हणजे इंजेक्शन देऊन त्याचा जीव संपवायलाच, सांगतील. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, याविषयी मला शंका नाही. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक सल्ला कुत्र्याला कायमचे अधू करू शकतो आणि एका परिस्थितीत तर माणसाच्याही जिवावर उठू शकतो, म्हणून त्याचे उत्तर मुद्द्यागणिक देणे भाग आहे.

पहिला मुद्दा कॅल्शियमचा. मागचे पाय लटपटणे किंवा कोसळणे हे लक्षण आहे, रोग नव्हे, आणि त्यामागची कारणे वयानुसार, जातीनुसार, अगदी तासांनुसार बदलतात. डॅशहुंड, पग, बीगल, ल्हासा अशा आखूड पायांच्या किंवा लहान चणीच्या जातींत मणक्यांमधली गादी कमी वयातच कडक होते आणि एखाद्या उडीनंतर, कधी काहीच निमित्त नसताना, तिचा गाभा फुटून मज्जारज्जूवर दाबला जातो. डॅशहुंडांमध्ये साधारण पाचातल्या एका कुत्र्याला आयुष्यात केव्हा तरी हा त्रास होतो. उतारवयातल्या जर्मन शेफर्डचा मागचा पंजा दुमडून घासू लागतो, नखे झिजून रक्त येते, पण दुखत मात्र काहीच नाही. तेव्हा मज्जारज्जूचाच हळूहळू ऱ्हास होत असण्याची शक्यता मोठी असते. याच्याशी निगडित असलेला जनुकीय दोष 2009 मध्ये उजेडात आला. धडधाकट तरुण लॅब्रेडॉर दहा-पंधरा मिनिटे जोरात चेंडूमागे धावल्यावर मागून खचतो आणि अर्ध्या तासात पुन्हा हिंडू लागतो, त्यामागे आणखी एक आनुवंशिक दोष असू शकतो. तो 2008 मध्ये सापडला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या प्लीहेतली गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला, तरी तो असाच मागच्या पायांवर बसतो. आपल्याकडे तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापांत रक्त इतके कमी होते की कुत्र्याला उभे राहण्याचे त्राण उरत नाही, आणि घरचे लोक त्यालाच लकवा म्हणतात. म्हणूनच पाय पाहण्याआधी ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या पांढुरक्या असतील तर प्रश्न पायांचा नाही, रक्ताचा किंवा हृदयाचा आहे, आणि त्याच तासाला दवाखाना गाठायला हवा.

कॅल्शियमच्या समजात सत्याचा एक कण आहे, तोही सांगितला पाहिजे. नुसत्या भातावर किंवा नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडे खरोखरच ठिसूळ होतात आणि मोडतात. व्यायलेल्या कुत्रीला पहिल्या काही आठवड्यांत कॅल्शियम एकाएकी घसरून झटके येतात. पण तेव्हा ती लुळी पडत नाही, ताठरते, थरथरते, अंग तापते, आणि तिला बाटलीतले औषध पुरत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून शिरेतून सावकाश द्यावे लागणारे ते इंजेक्शन डॉक्टरनेच द्यायचे असते. याउलट मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचे कॅल्शियम पाजले तर त्याचे शरीर ते पुरेसे रोखू शकत नाही आणि वाढती हाडे वेडीवाकडी होतात. चांगला तयार आहार खाणाऱ्या प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत तर या औषधाने एकच गोष्ट साधते, ती म्हणजे उपचार सुरू झाल्याचे खोटे समाधान.

मात्र साऱ्या मजकुरात मला सर्वांत घातक वाटते ते पंजा चिमटण्याविषयीचे वाक्य, कारण ते शास्त्रशुद्ध असल्यासारखे भासते. पंजा चिमटल्यावर पाय आखडणे ही कमरेतल्या मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला मेंदूची गरजच नसते. पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जू पूर्ण तुटला असला तरी पाय आखडतो, कित्येकदा नेहमीपेक्षा जोराने आखडतो. पाहायचे असते ते कुत्र्याच्या तोंडाकडे. बोटाचे हाड दाबल्यावर तो मान वळवतो का, कण्हतो का, चावायला येतो का, निदान त्याच्या बाहुल्या विस्फारतात का, यावरून खोलवरची वेदना मेंदूपर्यंत पोहोचते की नाही हे कळते. गादी सरकलेल्या ज्या कुत्र्यांत ही जाणीव शिल्लक असते, त्यांतील दहापैकी नऊच्या आसपास कुत्री शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालतात. जाणीव गेली असेल तर हे प्रमाण जेमतेम निम्म्याच्या थोडे वर राहते आणि शस्त्रक्रियेविना फारच खाली जाते. अवस्था एका रात्रीत पहिलीवरून दुसरीवर येऊ शकते. त्या रात्री मालक पाय आखडलेला पाहून निश्चिंत झोपलेला असतो. ही तपासणी घरी करून निष्कर्ष काढू नये, हेही सांगतो. दुखावलेले कुत्रे आपल्या माणसालाही चावते.

चोळणे आणि चालवणे याविषयी थोडक्यात सांगता येईल. गादी सरकल्याचा संशय असताना पाठ रगडणे आणि कुत्र्याला टॉवेलवर लटकवून फिरवणे म्हणजे फुटलेला गाभा आणखी आत ढकलण्याची सोय करणे होय. शस्त्रक्रिया होणार नसेल तेव्हा उपचाराचा पायाच मुळी लहान पिंजऱ्यातली किंवा कुंपण घातलेल्या जागेतली सक्तीची विश्रांती हा असतो, तीही सुमारे चार आठवडे. मालिश आणि व्यायाम यांना जागा आहे, पण ती निदान झाल्यानंतर आणि सांगितलेल्या वेळी.

त्या मजकुरात लघवीचा उल्लेखही नाही, आणि तेवढ्यावरून लिहिणाऱ्याने लुळे कुत्रे सांभाळलेले नसावे असे वाटते. पाय गेलेल्या अनेक कुत्र्यांचा मूत्राशयावरचा ताबाही जातो. तो काठोकाठ भरतो आणि मग थेंब थेंब गळू लागतो. अंथरूण ओले दिसल्यावर घरच्यांना वाटते, लघवी तर होते आहे. प्रत्यक्षात मूत्राशय ताणून निकामी होत असतो, संसर्ग चढत असतो. दिवसातून तीन-चार वेळा दोन्ही हातांनी पोटाच्या मागच्या भागावर हळुवार, स्थिर दाब देऊन तो रिकामा करावा लागतो, आणि हे तंत्र डॉक्टरने हात धरून शिकवल्याखेरीज करू नये. ओल्या अंगावर पावसाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात. कूस दर काही तासांनी बदलली नाही तर कमरेच्या हाडांवर जखमा होतात.

घरातल्या गोळीविषयी कोणतीही तडजोड संभवत नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला भोके पाडतात आणि मूत्रपिंडे बंद पाडतात. डॉक्टरने नंतर स्टेरॉइड दिले, आणि आधी गोळी दिल्याचे त्यांना सांगितले नाही, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. काही दिले असेल तर नाव आणि वेळ लपवू नका.

आता माणसाच्या जिवाचा प्रश्न. रेबीज म्हटले की आपल्याला धावून चावणारे कुत्रे आठवते, परंतु या रोगाचे एक रूप शांत असते : कुत्रे मागून लुळे पडते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकले असावे असे समजून कळवळ्याने तोंडात हात घालणारे याच क्षणी लाळेच्या संपर्कात येतात. लसीची माहिती नसलेले कुत्रे, विशेषतः रस्त्यावरचे, असे दिसले तर त्याला तेल चोळत बसणे हा भूतदयेचा मार्ग नव्हे. हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये, महापालिकेला किंवा प्राणिसंस्थेला कळवावे, आणि लाळ जखमेला लागली असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. पिल्लांमध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगानेही पाय जातात, सोबत स्नायू एका लयीत उडत राहतात. दोन्हींतला फरक बाहेरून पाहून ठरवू नये.

राहिला आठ-दहा दिवसांत उठण्याचा दावा. काही कुत्री उठतात हे खरे आहे, आणि या मजकुराची पत तेवढ्यावरच टिकली आहे. पळताना एकदम ओरडून एका बाजूने लुळे पडणारे, पण थोड्याच वेळात वेदनारहित होणारे मोठे कुत्रे बहुधा मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत गादीचा कण अडकल्याने पडलेले असते. त्यात शस्त्रक्रिया लागत नाही आणि बऱ्याच कुत्र्यांना पहिल्या दोन आठवड्यांत सुधारणा दिसू लागते. सौम्य दाबाची कुत्री पडून राहिल्यानेच सुधारतात. व्यायामाने खचणारा लॅब्रेडॉर तर अर्ध्या तासातच उठतो. या सर्वांचे श्रेय तेलाला आणि कॅल्शियमला मिळते. जी उठली नाहीत, त्यांच्याविषयी गटावर कोणी लिहीत नाही.

डॉक्टर झोपवायलाच सांगतात, हा आरोप मला अन्याय्य वाटतो. खर्चाची भीती खरी आहे, परंतु पहिली पायरी एमआरआय नसते. पंजा उलटा ठेवून कुत्रे तो सरळ करते का हे पाहणे, मांडीतली नाडी, रक्ताची तपासणी, एक्स-रे, एवढ्यावर पुष्कळ निर्णय होतात. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत प्राण्यांवर उपचारही होतात. शिवाय पाय परत आले नाहीत, तरी मूत्राशयाची काळजी घेणारे घर असेल तर चाकांच्या गाडीवर कुत्रे वर्षानुवर्षे आनंदाने जगू शकते. नेताना त्याला काखेत उचलू नका, फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवे न्या. कोसळणे येऊन-जाऊन होत असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा, कारण टेबलावर ते कुत्रे बहुधा नीट उभे असते. पाय नेमके केव्हा गेले, आधी दुखत होते का, शेवटची लघवी कधी झाली आणि गोचीड दिसली होती का, एवढे लिहून न्यावे.