छातीचा व्यायाम आठवड्यातून एकदा की रोज? कट्ट्यावर झालेला राडा

विषय निघाला बारक्याच्या कंबरेवरून. औसा रोडच्या आमच्या कट्ट्यावर पोरगं एका अंगानं वाकडं चालतच आलं, काय झालं विचारलं तर म्हणे काही न्हाई, काल डेडलिफ्ट मारली (जमिनीवरचा वजनाचा बार धरून सरळ उभं राहायचं, तो व्यायाम). पोलीस भरतीची तयारी करायलंय, पहाटे पळणं, दिवसा क्लास, संध्याकाळी जिम, आणि जिममधल्या कुणीतरी शंभर किलो निघत न्हाई का म्हणून डिवचलं, मंग काय, प्लेटा चढल्या.

आप्पांना तेवढंच पाहिजे होतं. "तरी म्हणलं हुतं, ते लोखंड सोड आन् तालमीत ये. रोज जोर, रोज बैठका. आपल्या निलंग्याकडचे बिराजदार मामा १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, त्ये काय सोमवार छाती, मंगळवार पाठ आसं करत बसले व्हय?"

आता आमचा कोच. जिम चालवतो, स्वभावानं बरा आहे पण आप्पांनी तालीम काढली की त्याला राहवत नाही. तो म्हणाला, "आप्पा, भांडण लोखंडाचं न्हाईच. ह्यानं उचललं कसं ते बघा." आणि टपरीवरचा पाण्याचा जार ओढून आणला. वीस लिटरचा जार म्हणजे जवळपास वीस किलो, रिकामा ऑलिंपिक बार असतो तेवढाच. "उचल," बारक्याला म्हणला, "काल जसं उचललं तसंच दाखव, पण खरं उचलू नको, नुसतं वाक."

बारक्या वाकला. जार पायापासून चांगला हातभर लांब, गुडघे जवळपास सरळ, पाठीची कमान झालेली. आणि उठायची ॲक्टिंग केली तर आधी ढुंगण वर, मग बाकीचा माणूस. कोच म्हणला बस, इथंच सगळं आलं. वजन अंगापासून जितकं लांब तितका कंबरेवर ताण जास्त, म्हणून बार पायाच्या मधोमध, नडगीला चिकटून पाहिजे. मग हॉटेलवाल्याकडून फरशी पुसायचा दांडा मागून घेतला, त्याच्या पाठीला उभा लावला, एक टोक डोक्याला, मध्ये दोन्ही खांद्यांच्या मध्ये, खाली माकडहाडाला. "ह्या तिन्ही जागा सुटू न देता वाक." भिंतीपासून वीतभर पुढं उभं केलं आणि सांगितलं, खाली बघून वाकू नको, ढुंगण मागं ढकलून भिंतीला टेकव. दोन-तीनदा दांडा सुटला, पण नंतर जमलं, आणि बारक्याच म्हणला की आता मांडीच्या मागं ताण येतोय, कंबरेत येत न्हाई. हे बघण्यासारखं होतं खरं, कारण तोपर्यंत त्याला वाटायचं डेडलिफ्ट म्हणजे पाठीनं ओढायचं.

श्वासाचंही सांगितलं, उचलायच्या आधी पोटात खोल श्वास भरायचा आणि कुणीतरी पोटात गुद्दा मारणार आहे असं पोट घट्ट करायचं. कमरेचा पट्टा पण त्याचसाठी असतो, पोटाला आतून दाब द्यायला काहीतरी पाहिजे म्हणून, पट्टा बांधला की कंबर सुरक्षित असं काही नाही. मेडिकलवाला मध्येच म्हणला, बीपी असलेल्यांनी श्वास कोंडून वजनाशी कुस्ती करू नये, आधी डॉक्टरला इचारावं. आप्पा गप्प झाले थोडे, त्यांची बीपीची गोळी ह्याच्याच दुकानातून जाते.

एवढ्यात आडत्यानं नवीन काडी टाकली. "हे समदं ठीकाय, पण आमच्या मार्केट यार्डात हमाल सोयाबीनचे पन्नास-पन्नास किलोचे पोते दिवसभर उचलतेत, त्यांला कुठला रेस्ट डे? त्यांची काहून कंबर धरत न्हाई?"

"कोण म्हणलं धरत न्हाई," मेडिकलवाला म्हणाला, "माझ्याकडं येऊन बघ संध्याकाळी, बाम आन् पट्टा कोण नेतंय ते."

कोचनं मात्र हमालांची बाजू घेतली आणि हा मला सगळ्यात भारी मुद्दा वाटला. म्हणला, पोतं घेताना बघितलंयस का नीट? एकटा वाकून जमिनीवरून कोण पाठीवर घेत न्हाई. दोघं दोन बाजूनं हूक लावून वर उचलतेत, तिसरा गुडघे मोडून खाली शिरतो, पाठीवर घेतो आन् पायावर उठतो. शिवाय पोतं आज पन्नास तर उद्या बी पन्नासच, अंगाला वर्षानुवर्षांची सवय. तुझ्यासारखं साठावरून एकदम शंभरवर कोण जात न्हाई. वाढवायचं तर दोन्ही बाजूला सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो, ते बी आधीचं वजन नीट निघत असलं तरच.

आप्पा मूळ मुद्दा सोडणारे नाहीत. "मंग रोज करायचं का न्हाई ते सांग."

इथं खरी जुंपली. बारक्याच्या अकॅडमीतलं गणित असं की सोमवारी छाती, ती पण वीस-पंचवीस सेट (न थांबता सलग मारलेल्या उचलींचा एक गट म्हणजे एक सेट), हात वर होईना इतकी, आणि मग पुढच्या सोमवारपर्यंत सुट्टी. कोच म्हणे ह्यात अर्धे सेट वाया. व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम जोरात चालतंय ते साधारण एक-दोन दिवस, नंतर हळूहळू कमी होतंय, आणि तू बसतोय आठवडाभर वाट बघत. त्यापेक्षा तेच सेट दोन दिवसांत वाटून टाक, दुसऱ्या दिवशी ताज्या अंगानं जास्त नीट निघतेत. मोबाईलवर त्यानं ब्रॅड शोनफेल्ड म्हणून एका अमेरिकन संशोधकाचं काम दाखवलं, २०१६ मध्ये त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तर आठवड्यातून दोनदावाल्यांची स्नायूवाढ एकदावाल्यांपेक्षा चांगली निघाली.

पण मेडिकलवाला पण वाचणारा माणूस आहे. त्यानं खाली सरकवून त्यांचंच २०१९ चं दाखवलं, की आठवड्याचे एकूण सेट सारखेच ठेवले तर किती दिवसांत वाटले ह्यानं फारसा फरक पडत नाही. "म्हंजे आप्पांचं रोजचं बी बरोबरच की!" आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

माझं मत विचाराल तर ह्या दुसऱ्या कागदानं कोचचंच काम सोपं झालं. दिवस म्हणजे नुसते खण, महत्त्वाचं आहे आठवड्याला एका स्नायूला चांगले दहाएक सेट मिळणं, नीट फॉर्मनं, शेवटी एक-दोन रेप, म्हणजे उचली, अंगात शिल्लक ठेवून. रोज थोडे जोर मारले तरी चालतंय, ते पचतंय. पण जड बार रोज पचत नाही, आणि पंचवीस सेट एका बैठकीत घ्यायला गेलं की शेवटच्या दहांमध्ये पाठीचं काय होतंय ते बारक्याकडं बघितलं की कळतंय. (कोच मला चहा पाजत नाही, म्हणून हे फुकटचं मत समजा.)

आप्पांच्या जमान्यात नवीन पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका लावायचे, ते अभिमानानं सांगत होते. मेडिकलवाला ह्यावर चिडला. म्हणला, सवय नसताना एकदम एवढं केलं तर स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आन् किडनी अडकते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर लिंबूपाणी पीत घरी बसायचं न्हाई, सरळ दवाखाना. त्यात आपल्याकडचा मे महिना, पत्र्याचं जिम, घाम ढिगानं आन् पाणी घोटभर, आणि वरून पोरं येऊन पेनकिलर मागतेत, दुखणं दाबून परत बारखाली जातेत. ह्या गोळ्या आन् आटलेलं अंग, दोन्ही मिळून किडनीलाच मारतेत. बारक्याला पण त्यानं खोदून विचारलं, पायात मुंग्या? बधिरपणा? लघवी-संडासचा ताबा ठीक? ह्यातलं काही असलं तर आजच्या आज डॉक्टर. बारक्या म्हणला न्हाई, नुसतं आखडलंय.

"पण मोठे पैलवान तर दुखलं तरी उचलतेतच की," बारक्या म्हणाला. तेव्हा मेडिकलवाल्यानंच सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं काढलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात एकूण २४८ किलो, सिल्व्हर, गोल्ड एका किलोनं गेलं, क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) कोपर दुखावलं. कोच म्हणला, बघ, इतकी वर्षं टेक्निक घोटलेल्याचं बी टोकाच्या वजनाला कोपर जातंय. तो देशाच्या मेडलसाठी गेला टोकाला. तुझं मेडल काय? सोळाशे मीटरला वीस मार्क, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा, डेडलिफ्टला किती? शून्य. गोळा सव्वासात किलोचा, त्याला पाय, कंबर आन् खांदा एका लयीत पाहिजे, शंभरचा फोटो नको.

शेवटी सिगारेटच्या पाकिटावर बारक्याचा आठवडा लिहून निघाला. कंबर मोकळी होईपर्यंत फक्त चालणं आणि दांड्याचा सराव, मग रिकाम्या बारपासून. सोमवार-गुरुवार पाय, मंगळवार-शुक्रवार छाती-पाठ-खांदे, जड डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच. जोराचं पळणं पायाच्याच दिवशी सकाळी, म्हणजे उरलेले दिवस पायाला खरी सुट्टी. ह्यावर आडत्या म्हणला एकाच दिवशी दोन्ही म्हंजे मरंल की पोरगं, त्यावर परत दहा मिनिटं गेली. बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं) एकटा मारत असशील तर प्लेटा अडकवायची क्लिप लावू नको, अडकलास तर तिरकं करून प्लेटा पाडता येतेत, आन् अंगठा बारच्या भोवती, त्याच बाजूला नको, हे कोचनं दोनदा लिहिलं.

बुधवार मोकळा दिसल्याबरोबर आप्पांनी त्यावर बोट ठेवलं, बुधवार तालमीचा. कोच म्हणला पन्नास बैठका, वर एक न्हाई. आप्पा शंभरवर अडून बसले, आणि हा मजकूर टाइप करेपर्यंत तरी सौदा पंच्याहत्तरवर अडकलेला आहे.