मॅक नोंदवला की तोच आयपी मिळतो? हा मेसेज पुढे पाठवू नका

गोव्यातल्या टेक्निशियनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: 'डीएचसीपी सर्व्हरवर मॅक ॲड्रेस आणि आयपी लिहा, मशीन रिस्टार्ट करा, तोच आयपी मिळणार. नाही मिळाला तर लॅन कार्ड गेलं, बदला. तरी जमलं नाही तर मशीनवरच स्टॅटिक आयपी टाका.' (डीएचसीपी सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरच्या मशिनींना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणारा सर्व्हर; मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक; स्टॅटिक म्हणजे मशीनवर हाताने टाकलेला आयपी.) या सल्ल्यापायी लोक चांगली कार्डं काढून टाकतील आणि पैसे ग्राहकाचे जातील, म्हणून हे उत्तर.

आधी कार्डाचं. कार्ड गेलं असतं तर कुठलाच आयपी मिळाला नसता. वेगळा आयपी मिळतोय, म्हणजे कार्ड बोलतंय. शिवाय नव्या कार्डाचा मॅक वेगळा, म्हणजे सर्व्हरवरची जुनी नोंद त्याला लागूच होत नाही.

'मॅक लिहिला की झालं' हेही अर्धंच खरं. सर्व्हरला मशीन दिसत नाही, विनंतीच्या पाकिटात (पॅकेटमध्ये) आलेली ओळख दिसते. १९९७च्या आरएफसी २१३१नुसार (डीएचसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) क्लायंटने, म्हणजे आयपी मागणाऱ्या मशीनने, स्वतःचा क्लायंट आयडेंटिफायर (ओळख-क्रमांक) पाठवला तर ओळख त्यावरूनच ठरते. उबुंटू सर्व्हरवरचं सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये मॅकऐवजी मशीन-आयडीवरून (त्या इन्स्टॉलेशनच्या क्रमांकावरून) बनवलेली ओळख पाठवतं. समोर विंडोज डीएचसीपी सर्व्हर असेल तर मॅकवर केलेलं रिझर्व्हेशन (ठरावीक आयपी राखून ठेवणारी नोंद) जुळत नाही. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपी-आयडेंटिफायर 'मॅक' केला की जुळतं. क्लोन केलेल्या दोन व्हर्च्युअल मशिनी एकच आयपी मागतात त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच: मशीन-आयडीसुद्धा कॉपी झालेला असतो.

हॉटेलात ऑर्डर घेणाऱ्या टॅबची गोष्ट आणखी निराळी. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वाय-फायवर बनावट मॅक वापरला जातो, खोक्यावर छापलेला नव्हे. मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नाही, हे ओळखा आणि त्या नेटवर्कपुरती बनावट मॅकची सोय बंद करा.

नोंद बरोबर असूनही आयपी चुकत असेल तर दुसरा डीएचसीपी सर्व्हर शोधा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कडाडली की राउटर जळतो, घाईत दुसरा आणून लावतात, आणि त्याचा डीएचसीपी चालूच राहतो. क्लायंट बहुधा पहिली ऑफर घेतो. सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८ बघा. विनंती कुठल्या मॅकवरून, कुठल्या आयडीने आली ते तिथे दिसतं. क्लायंटवर लीजमध्ये (मिळालेल्या आयपीच्या नोंदीत) सर्व्हरचा पत्ता बघा. तो आपला नसेल तर दोष आपल्या कॉन्फिगमध्ये नाही. कुठलीही फाइल उघडण्याआधी हे करायचं, असं माझं ठाम मत आहे.

आयएससी डीएचसीपीडी हा डीएचसीपी सर्व्हर प्रोग्राम वापरणाऱ्यांनी रिझर्व्ह केलेला आयपी रेंजच्या (सर्व्हर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) बाहेर ठेवावा, कारण रेंजमधला पत्ता तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकतो. डीएनएसमास्क हा दुसरा सर्व्हर प्रोग्राम तसं करत नाही.

राहिला स्टॅटिकचा सल्ला. कळंगुटच्या हॉटेलात किचनमधल्या केओटी प्रिंटरवर (ऑर्डरची चिठ्ठी छापणारा) रेंजमधलाच आयपी हाताने टाकला, तर कधीतरी तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला जाऊ शकतो आणि ऐन डिसेंबरच्या गर्दीत ऑर्डरी छापायच्या थांबतात. स्टॅटिक टाकायचाच असेल तर रेंजबाहेरचा टाका आणि वहीत लिहून ठेवा.