नमुन्याच्या चिठ्ठीवर पदवी लिहीत नाहीत

कीटकांच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांना सल्ला म्हणून एक मजकूर सतत पाठवला जातो. त्याचा आशय असा: ‘कीटकांच्या अभ्यासावर पोट भरायचे असेल तर आधी कीटकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि मग डॉक्टरेट मिळवा, ते जमणार नसेल तर हा नाद छंद म्हणूनच ठेवा. पदवी नसलेल्या माणसाचे निरीक्षण विज्ञानात धरले जात नाही, त्याला नव्या प्रजातीला नाव देता येत नाही, त्याचा शोधनिबंध कोणी छापत नाही, त्याला कोणी कामावर ठेवत नाही. आणि हौशी अभ्यासकांची जी उदाहरणे दिली जातात, ती सगळी जनुकशास्त्राच्या आधीच्या काळातली आहेत.’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, कुणाची वर्षे वाया जाऊ नयेत एवढेच त्यांना वाटत असते. परंतु यातली चार विधाने चुकीची आहेत आणि नोकरीविषयीचे पाचवे अर्धे खरे आहे. ते अर्धे नीट समजून घेणे सर्वांत गरजेचे असल्यामुळे त्याला खाली सर्वांत जास्त जागा दिली आहे.

नावाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो नियम वाचून निकालात काढता येतो. प्राण्यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नवे नाव वैध ठरण्यासाठी ते संहितेच्या अटींनुसार प्रकाशित झालेले असावे, सोबत प्रजातीला इतरांपासून वेगळे ठरवणारे वर्णन असावे, ज्या नमुन्यावर ते नाव आधारले आहे तो नमुना स्पष्टपणे नेमलेला असावा आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे सांगितलेले असावे, अशा तिच्या अटी आहेत. लेखकाच्या शिक्षणाविषयी तिच्यात एकही अट नाही. प्रत्यक्षातही हेच दिसते. युरोपात दर वर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रजातींचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून बऱ्याच अधिक, म्हणजे ६० टक्क्यांपेक्षा जास्त प्रजातींचे वर्णन पगारी वर्गीकरणतज्ज्ञ नसलेल्या माणसांनी केल्याचे आढळले. त्यांतल्या काहींकडे दुसऱ्या विषयांच्या पदव्या असतील, काही निवृत्त तज्ज्ञही असतील. तरीही नाव देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठातून मिळतो, हे म्हणणे यानंतर टिकत नाही.

या मोकळिकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी संहिता पदवी विचारत नाही, ती घाईलाही अडवत नाही. पुरेसा तौलनिक अभ्यास न करता, स्वतःच काढलेल्या नियतकालिकात धडाधड नावे छापून टाकणारे लोक आहेत आणि त्यांनी केलेला गोंधळ निस्तरण्यात इतरांची अनेक वर्षे जातात. म्हणून दार उघडे आहे एवढे सांगून थांबणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ज्या गटात नवी प्रजाती सापडल्यासारखी वाटते, त्या गटातील आधीची सर्व वर्णने वाचणे, मूळ नमुने किंवा निदान त्यांची उत्तम छायाचित्रे पाहणे, आणि अनेक पतंगांच्या व भुंगेऱ्यांच्या बाबतीत जननेंद्रियांचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करणे, हे पदवीधराला टळत नाही आणि पदवी नसलेल्यालाही टळत नाही.

‘निरीक्षण विज्ञानात धरले जात नाही’ हे विधान तर कीटकशास्त्राच्या इतिहासाच्या थेट विरुद्ध जाते. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्युबर यांची दृष्टी तरुणपणीच गेली. त्यांनी मधमाश्यांवर जे प्रयोग योजले, ते प्रत्यक्षात केले फ्रान्स्वा बुर्नेन्स या त्यांच्या नोकराने. राणीमाशीचे मीलन पोळ्यात होत नाही, ती बाहेर उडून गेल्यावर होते, हे या दोघांनी दाखवून दिले. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या आहेत का हे ठरवण्यासाठी बुर्नेन्सने माश्या एक एक करून हातात धरून ११ दिवस तपासल्या. त्यांची निरीक्षणे १७९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मधमाशीविज्ञानात आजही त्यांचा दाखला दिला जातो. हेन्री वॉल्टर बेट्स यांची शाळा तेराव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि ते मोजे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे १८४८ पासून ११ वर्षे त्यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली, कीटक जमवून व विकून खर्च भागवला, आणि सुमारे ८,००० अशा प्रजाती आणल्या ज्या विज्ञानाला तोवर माहीत नव्हत्या. बेचव फुलपाखरांसारखे रूप घेऊन भक्षकांपासून बचावणाऱ्या खाद्य फुलपाखरांविषयीचा त्यांचा निबंध १८६२ मध्ये छापला गेला. त्या प्रकारच्या अनुकरणाला आजही बेट्स यांचेच नाव आहे.

गोपालचंद्र भट्टाचार्य यांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, कारण त्यांच्या आयुष्यात छंदाचे रूपांतर पगारी कामात झाले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटले होते. त्यांचे लेखन वाचून जगदीशचंद्र बोस यांनी १९२१ मध्ये त्यांना आपल्या संस्थेत घेतले. मुंग्या आणि कोळी यांच्या वर्तनावर त्यांनी तिथे दीर्घकाळ काम केले. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती अगदी अखेरच्या काळात. काम आधी आणि पदवी नंतर, असा त्यांचा क्रम होता.

इथे आमच्याच बाजूने सांगितल्या जाणाऱ्या एका चुकीची दुरुस्ती करतो. अशा चर्चेत झाँ-आंरी फाब्र यांचे नाव ‘शिक्षण नसलेले थोर कीटकशास्त्रज्ञ’ म्हणून हमखास येते. फाब्र गरिबीत वाढले, शाळामास्तर होते, विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना लाभले नाही, हे खरे आहे. पण १८५५ मध्ये त्यांनी विज्ञानातील डॉक्टरेट मिळवली होती. चुकीच्या दाव्याला उत्तर देताना चुकीचे उदाहरण वापरले, तर आपण मोठ्या आवाजात हरतो.

शोधनिबंध छापला जात नाही या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही. कीटकांच्या वर्गीकरणाची, आढळाची व जीवनचक्राची नियतकालिके खासगी अभ्यासकांचे लेखन नियमितपणे छापतात, आणि लेखकाच्या नावाखाली संस्थेऐवजी घरचा पत्ता असणे हा दोष मानला जात नाही. खरी अडचण वेगळी आहे. जुने संदर्भ मिळवणे, काही नियतकालिकांचे प्रकाशनशुल्क भरणे आणि संग्रहालयांकडून नमुने उसने घेणे खासगी व्यक्तीला जड जाते. विशेषतः नमुने साधारणपणे संस्थेलाच उसने दिले जातात. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे एखाद्या संग्रहालयाशी मानद सहकारी म्हणून जोडले जाणे, किंवा संस्थेतील अभ्यासकाबरोबर सहलेखन करणे. सहलेखनात आपले श्रम दुसऱ्याच्या नावावर जातील अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार नाही, म्हणून कोणाचे काय काम आणि नावांचा क्रम काय, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

‘ही सगळी जुन्या काळची गोष्ट’ हा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे. पण मिरियम रॉथ्सचाइल्ड यांनी शालेय शिक्षण घरीच घेतले, पिसवांवरचे त्यांचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १९८५ मध्ये सदस्यत्व दिले. त्यांच्या पाठीशी घराण्याची संपत्ती होती, ही गोष्ट लपवून त्यांचे उदाहरण देऊ नये. जर्मनीतील क्रेफेल्डच्या कीटकशास्त्र मंडळाचे उदाहरण तसे नाही. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात हौशी अभ्यासकांचा मोठा भरणा आहे. त्याच्या सभासदांनी ६३ संरक्षित ठिकाणी एकाच मापाचे, एकाच रचनेचे तंबूसारखे सापळे लावले आणि सापडलेले कीटक २७ वर्षे वजन करून जपून ठेवले. विद्यापीठातील संशोधकांनी त्या आकड्यांचे सांख्यिकीय विश्लेषण केले आणि उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये जगासमोर आला. सापळा दर वेळी तोच राहिला, पद्धत बदलली नाही, म्हणून तो पुरावा ठरला.

जनुकीय तपासणी आल्यावर डोळ्यांनी ओळखणाऱ्याची गरज उरली नाही, हा गैरसमज तर वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. कीटकांच्या बाबतीत बहुतेकदा एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचला जातो आणि तो संदर्भसंग्रहातील तुकड्यांशी जुळवला जातो. त्या संग्रहातला मूळ नमुना कोणीतरी डोळ्यांनी, हातांनी, सूक्ष्मदर्शकाखाली अचूक ओळखलेला असावा लागतो. तो चुकीचा ओळखला गेला असेल, तर यंत्र तीच चूक दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने परत देते. आजवर सुमारे १० लाख कीटक प्रजातींची वर्णने झाली आहेत आणि प्रत्यक्ष संख्या याच्या कित्येक पट असावी असे अंदाज आहेत. त्यामुळे लहान माश्या, परजीवी गांधीलमाश्या किंवा सूक्ष्म भुंगेरे यांतला एखादा गट खात्रीने ओळखणारा माणूस नव्या तंत्रामुळे निरुपयोगी होण्याऐवजी अधिक हवाहवासा झाला आहे.

आता नोकरीचा मुद्दा. काही दारे पदवीशिवाय उघडत नाहीत आणि ती उघडतील असे सांगणे ही फसवणूक आहे. विद्यापीठातील अध्यापन, स्वतंत्र संशोधनगटाचे नेतृत्व, ज्यांच्या नियमांत अर्हता लिहिलेली आहे अशी शासकीय शास्त्रज्ञपदे आणि बहुतेक मोठी संशोधन अनुदाने यांसाठी औपचारिक शिक्षण लागते. ज्याला नेमके हेच करायचे आहे, त्याने शिकावे. त्याला दुसरा सल्ला मी देणार नाही.

पण कीटकांशी संबंधित पगारी काम एवढ्यावर संपत नाही. संग्रहालयांतील लाखो नमुन्यांना टाचणीवर लावणे, चिठ्ठ्या लिहिणे, संग्रह पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांपासून ते वाचवणे आणि त्यांच्या नोंदी संगणकावर चढवणे हे हातांचे कसब आहे. भुंगेऱ्याच्या उजव्या पंखकवचातून टाचणी घालायची, पतंगाच्या छातीच्या मधोमध, आणि चिमुकला कीटक टाचणीवर न टोचता कार्डाच्या टोकावर चिकटवायचा, हे वर्गात कमी आणि शेजारी बसून अधिक शिकले जाते. डासांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणांना सापळ्यातले डास वेगळे करून ओळखणारी माणसे लागतात. मित्रकीटक तयार करणाऱ्या प्रयोगशाळा, फुलपाखरू उद्याने, रेशीमकिडे पाळणारी केंद्रे, मधमाशीपालन आणि ओल्या कचऱ्यावर माश्यांच्या अळ्या वाढवून पशुखाद्य बनवणारे उद्योग यांना अंड्यापासून प्रौढापर्यंत पिढ्या न चुकता वाढवू शकणारा माणूस हवा असतो. कीडनियंत्रणाच्या व्यवसायात अनेक देशांत प्रशिक्षण आणि परवाना लागतो, विद्यापीठाची पदवी नव्हे. पर्यावरणीय सर्वेक्षणांत प्रति नमुना मोबदल्यावर ओळख पटवून देणारे स्वतंत्र तज्ज्ञ असतात; शास्त्रीय चित्रे काढणारे आणि सूक्ष्म छायाचित्रण करणारेही असतात. इंग्लंडमध्ये एलिनॉर ऑर्मरॉड या स्वशिक्षित बाईंनी शेतकऱ्यांकडून आलेल्या किडींच्या पत्रांना उत्तरे देत देत इतका अधिकार मिळवला, की १८८२ मध्ये तिथल्या राजेशाही कृषी संस्थेने त्यांना सल्लागार कीटकशास्त्रज्ञ नेमले.

यातल्या अनेक कामांचे उत्पन्न अनियमित असते. बरेच जण दुसरे काम सांभाळून पाच-सात वर्षे हा अभ्यास करतात आणि मग हळूहळू इकडे येतात. या काळात काय करावे, हाच उपयोगी प्रश्न आहे आणि तो फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नाही. माझ्या मते ‘कीटक’ हा विषय घेऊ नये, एक कुळ घ्यावे, आणि शक्यतो ज्याच्याकडे फार कोणी पाहत नाही असे घ्यावे. फुलपाखरे ओळखणारे पुष्कळ असतात, तुडतुडे ओळखणारे थोडे. त्या कुळाच्या ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एक एक लक्षण तपासत प्रजातीपर्यंत नेणारी कोष्टके, वापरून दर आठवड्याला काही नमुने ओळखावेत आणि महिन्याभराने तेच नमुने आधीचे उत्तर न पाहता पुन्हा ओळखून आपण किती वेळा चुकलो ते मोजावे. एका ठिकाणी प्रकाशसापळा लावायचा तर तो ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, काहीच आले नाही तरी लावावा आणि रिकाम्या रात्रीचीही नोंद करावी. नमुने गोळा करण्यापूर्वी त्या त्या देशाच्या कायद्यानुसार परवानगी घ्यावी, कारण परवानगीशिवाय जमवलेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी जबाबदार संग्रहालय तो स्वीकारत नाही आणि त्यावरचा निबंध अडकतो.

आणि प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी असावी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणत्या झाडावर किंवा कोणत्या सापळ्यात सापडला, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. त्याखाली दुसरी चिठ्ठी, ओळख कोणी व कधी पटवली याची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे नमुने आज हवामान आणि प्रजातींचा प्रसार यांच्या अभ्यासाला उपयोगी पडतात ते या चार ओळींमुळे, आणि कामावर घेताना संग्रहपाल उमेदवाराची पेटी उघडतो तेव्हा त्याचे पहिले लक्ष तिथेच जाते.